‘हाताची चव’ नावाचा सापळा

रविवारच्या पुरवण्या आणि पाककृतींची पुस्तकं उघडली की हल्ली व्हिएतनाम भेटतं. ज्या देशाचं नाव आपण एके काळी मोर्च्यांतल्या घोषणांत घेतलं, तो देश आता तांदळाच्या पापडीत गुंडाळलेल्या पालेभाज्या घेऊन आपल्या स्वयंपाकघरात येऊ पाहतो आहे. त्याबरोबर येतं ‘नुओक चाम’, म्हणजे बुडवून खायचं आंबट-गोड-तिखट-खारट तोंडीलावणं. पदार्थ छान आहे. तक्रार पदार्थाबद्दल नाही. तक्रार आहे ती त्याच्याबरोबर ठरलेल्या चालीत येणाऱ्या वाक्याबद्दल : ‘व्हिएतनाममध्ये घरोघरी आई हे तोंडीलावणं करते. मोजमाप नसतं, सगळं अंदाजानं. प्रत्येकीच्या हाताची चव वेगळी!’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. पुरणपोळीबद्दल, लोणच्याबद्दल, तव्यावर टम्म फुगणाऱ्या भाकरीबद्दल आपण ते जन्मभर ऐकत आलो. ऐकताना जरा सुखावतोही. कौतुकाचे चार शब्द बाईच्या वाट्याला येतात कधी? पण या कौतुकाची किंमत काय, ती कोण चुकवतं, हा हिशेब मांडायची वेळ आली आहे. ज्या कामाची चव ‘हातात’ असते ते काम दुसऱ्या कुणाला देता येत नाही. हात तर बाईलाच चिकटलेले! म्हणजे कौतुक करणारा खाऊन मोकळा, आणि जिचं कौतुक झालं ती उद्या पुन्हा ओट्यापाशी.

म्हणून या लेखात मी या ‘हाताच्या चवी’शी भांडणार आहे. आणि भांडणाची सुरुवात म्हणून आधी सरळ मोजमापासह कृतीच देणार आहे.

अंदाज नको, माप घ्या

लागणारं सामान : ‘नुओक माम’ म्हणजे मासळी आणि मीठ मुरवून काढलेला रस १ माप, साखर १ माप, लिंबाचा रस १ माप, पाणी ४ मापं. लसणीच्या दोन-तीन पाकळ्या, एक-दोन लाल मिरच्या. माप म्हणून पोह्यांचा चमचा घ्या, नाहीतर चहाचा कप घ्या. मात्र सगळ्याला एकच.

पाणी कोमट करून त्यात साखर पूर्ण विरघळवा. पाणी निवू द्या, मग लिंबाचा रस घाला. उकळत्या पाण्यात लिंबू पिळलं तर त्याचा वास उडून जातो. त्यानंतर मासळीचा रस घाला आणि चाखून बघा. प्रत्येक कंपनीच्या रसाचा खारटपणा वेगळा असतो, म्हणून इथे थोडं पाणी, थोडी साखर इकडेतिकडे होते. ‘अंदाज’ म्हणतात तो एवढाच. लसूण आणि मिरची बारीक चिरून सर्वांत शेवटी घाला, म्हणजे ती तळाशी न बसता वर तरंगते. झालं. दहा मिनिटं लागली. त्यात पाणी निवायला ठेवलेली मिनिटंही आली.

प्रांताप्रांतांत फरक आहेत, तेही सांगून टाकते. दक्षिणेकडे साखर सढळ हातानं पडते, कुठे साध्या पाण्याऐवजी शहाळ्याचं पाणी घेतात. मध्य व्हिएतनाममध्ये गोडी कमी, तिखट आणि मासळीची चव पुढे. उत्तरेत हनोईकडे लिंबाच्या जागी पुष्कळदा व्हिनेगर येतं. ‘बुन चा’ या भाजलेल्या मांसाच्या आणि तांदळाच्या शेवयांच्या जेवणाबरोबर ते पाणी जास्त घालून, कोमटच वाढतात आणि त्यात कच्च्या पपईच्या व गाजराच्या चकत्या सोडतात. आपल्या घावनाची आठवण करून देणारं ‘बान सेओ’ तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद घालून करतात. त्याचा तुकडा पालेभाजीच्या पानात गुंडाळायचा आणि याच वाटीत बुडवायचा. जे मासळी खात नाहीत त्यांच्यासाठी सोयाबीनच्या रसाचं तोंडीलावणंही तिथे आहे. बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ जण मांसमासळी खात नाहीत, त्या दिवशी ते कामाला येतं.

आता सांगा, यात असं काय आहे जे बाईच्या हाताशिवाय होत नाही? साखर विरघळवायला गर्भाशय लागतं का? लिंबू पिळायला मंगळसूत्र लागतं का? सातवीतल्या मुलाला कागदावर लिहून दिलं तर तो शाळेतून येऊन करून ठेवील. मग व्हिएतनामच्या घरांत ते बहुतेक आईच का करते? आणि ‘आईच करते’ हे सांगताना पाककृती लिहिणाऱ्यांचा गळा इतका का दाटून येतो?

चार गुणांतला पहिला गुण

आपल्याकडे मनुस्मृतीनं बाईला बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताब्यात दिलं. चीनमधून व्हिएतनाममध्ये गेलेल्या कन्फ्यूशियसच्या परंपरेनं हुबेहूब तेच केलं. तिथे त्याला तीन आज्ञापालनं म्हणतात : माहेरी बापाचं ऐकायचं, सासरी नवऱ्याचं, नवरा गेल्यावर मुलाचं. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळे धर्म, आणि बेडीचा साचा तोच! या तीन आज्ञांच्या जोडीला चार गुण आहेत : कोंग, दुंग, न्गोन आणि हान. कोंग म्हणजे घरकामातलं कसब, दुंग म्हणजे रूप, न्गोन म्हणजे बोलण्यातली मर्यादा आणि हान म्हणजे शील. पहिला नंबर घरकामाचा आहे, हे लक्षात घ्या. रूप आणि शीलसुद्धा त्याच्यानंतर.

अशा समाजात मासळीच्या रसाची वाटी ही नुसती वाटी राहत नाही. ती परीक्षा होते. नवी सून कशी आहे? तिनं केलेलं तोंडीलावणं चाखून बघा! दाखवायच्या कार्यक्रमात पोहे आणि चहा मुलीच्या हातचाच का लागतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

व्हिएतनामी जेवण एका मोठ्या गोल परातीभोवती बसून होतं. मधोमध तोंडीलावण्याची एकच वाटी असते, सगळे त्यातच बुडवून खातात. लेखकांना हे दृश्य फार आवडतं. एक वाटी, एक कुटुंब, केवढा एकोपा! पण त्या परातीच्या कडेला भाताच्या भांड्याशेजारी कोण बसतं, तेही बघा. तिथे बहुधा घरची सून किंवा मुलगी बसते. प्रत्येकाचा वाडगा रिकामा झाला की भात वाढायचं काम तिचं. वाटी संपली की उठून भरून आणायचं कामही तिचंच. एकोप्यानं जेवणाऱ्यांमधली एक जण जेवताजेवता चार वेळा उठते, आणि तिच्या उठण्यावरच तो एकोपा उभा असतो.

पितरांच्या पुण्यतिथीला हे आणखी उघडं पडतं. व्हिएतनाममध्ये ही पुण्यतिथी मोठी असते. गोतावळा जमतो, अनेक पदार्थ होतात आणि थोरल्या सुनेवर त्याचा सगळा भार येतो. उत्तरेतल्या परंपरेत वरची परात वडीलधाऱ्या पुरुषांची आणि खालची बायकामुलांची. ज्या पितरांसाठी हे चाललेलं असतं ते नवऱ्याच्या घराण्यातले. ज्या बाईनं पहाटेपासून लसूण सोलली, तिच्या स्वतःच्या आईबापांची पुण्यतिथी तिच्या भावाच्या घरी, तिच्या वहिनीच्या श्रमांवर होते. प्रत्येक बाई दुसऱ्याच्या पितरांसाठी राबते! आपल्याकडच्या पितृपंधरवड्याचा हिशेब याहून वेगळा आहे का?

समाजवाद आला, ओटा तसाच राहिला

कुणी म्हणेल, ही जुनी सरंजामी खोडं झाली. व्हिएतनाममध्ये क्रांती झाली, तिथल्या बायकांनी बंदुका हाती घेतल्या, त्यांचं काय?

त्यांचं खूप काही झालं आणि त्याचा आदर आहेच. तिथलं महिला संघटन १९३० सालचं. १९४६ च्या राज्यघटनेनं स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचा दर्जा दिला. पुढे लिंगसमानतेचा कायदा २००६ मध्ये आणि घरातल्या हिंसेविरुद्धचा कायदा २००७ मध्ये आला. बायका शेतात आहेत, कारखान्यांत आहेत, कचेऱ्यांत आहेत. मजुरी आणि नोकरीतला त्यांचा सहभाग आपल्या देशाला लाज वाटावी एवढा मोठा आहे.

पण घोषणा काय होत्या तेही बघू या. १९६५ मध्ये अमेरिकेनं उत्तरेवर बॉम्बफेक सुरू केली, तेव्हा बायकांसाठी ‘तीन जबाबदाऱ्यां’ची मोहीम निघाली. पहिली, पुरुष आघाडीवर गेले म्हणून उत्पादनाचं काम सांभाळा. दुसरी, घर सांभाळा, म्हणजे नवरा आणि मुलगा निश्चिंतपणे लढायला जातील. तिसरी, गरज पडली तर स्वतः लढाईतही उतरा. बाईनं तिन्ही पेलल्या. युद्ध संपलं, पुरुष परत आले. पण बाईच्या तीन जबाबदाऱ्यांतली एक तरी पुरुषानं उचलावी, अशी मोहीम त्याच जोरानं निघाली का? उलट १९८९ मध्ये कामगार संघटनेनं महिला कामगारांसाठी जी चळवळ सुरू केली तिचं नावच होतं ‘देशाच्या कामात हुशार, घरच्या कामात समर्थ’. पुरुष कामगारांनी घरच्या कामात समर्थ व्हावं, असं त्यात कुणाला सुचलं नाही. म्हणजे चार गुणांतला पहिला गुण लाल झेंड्याखालीही शाबूत राहिला. फक्त त्याला पदक मिळू लागलं.

१९८६ च्या आर्थिक सुधारणांपूर्वीचा काळ आठवा. तांदूळ, मांस, मासळीचा रस, सगळं कुपनावर आणि तेही तुटपुंजं. मिळालेला रस मिठाच्या पाण्यानं वाढवून महिना काढायचा. ही कसरत ज्यांनी केली त्यांचा उल्लेख ‘काटकसरी गृहिणी’ असा होतो. टंचाई सरकारी होती. ती भरून काढायचे श्रम मात्र घरातल्या बाईचे!

आणि आज? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये व्हिएतनामबद्दल प्रसिद्ध केलेल्या अहवालात आकडे आहेत. घरकाम आणि कुटुंबाची देखभाल यांत बाई आठवड्याला सरासरी २०.२ तास घालवते, पुरुष १०.७ तास. जवळजवळ एक पंचमांश पुरुष या कामांना आठवड्यात एक मिनिटही देत नाहीत. बाई बाहेर कामाला गेली की घरातली विषमता आपोआप संपेल, असं मानणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी आपलेही आकडे वाचू. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जात होती. पुरुषांपैकी जे घरकाम करत होते त्यांची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईच्या वाट्याची बरोबर दहा मिनिटं कमी झाली. आणि ती पुरुषानं उचलली म्हणावं, तर त्याचीही नऊ मिनिटं घटली! दहा मिनिटं म्हणजे एक वाटी नुओक चाम.

पिंपामागचे हात

आता वाटीतून मागे जाऊन मासळीच्या रसाकडे वळू. ‘नुओक माम’ तयार होतो तो ‘का कोम’ नावाच्या छोट्या मासळीपासून. आपली मांदेली ज्या कुळातली, त्याच कुळातली ही मासळी. साधारण तीन भाग मासळीला एक भाग मीठ. लाकडी पिंपात किंवा मातीच्या रांजणात थर देऊन, वर दडपण ठेवून वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवायची. मासळीच्याच पोटातले पाचक रस तिचं मांस विरघळवतात आणि मीठ तिला कुजू देत नाही. पिंपाच्या तळाशी असलेल्या तोटीतून तांबूस रस गळतो. पहिल्या धारेचा रस सगळ्यांत दाट आणि महाग. त्याचा कस लिटरमागच्या नायट्रोजनवरून ठरतो. लिटरला ३० ग्रॅमच्या वर गेला की तो उंची. दक्षिणेतलं फू क्वोक बेट यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे मासळीला मीठ समुद्रात बोटीवरच लावतात. फान थिएत, न्हा त्रांग, दा नांगजवळचं नाम ओ आणि उत्तरेतलं कात हाय ही आणखी नावं.

या धंद्याचा लिहिलेला इतिहास वाचा. १९०६ मध्ये फान थिएतला देशभक्त मंडळींनी ‘लिएन थान’ ही कंपनी काढली. रस विकून येणारा पैसा राष्ट्रीय शिक्षणाला आणि चळवळीला द्यायचा, हा हेतू. तिच्याशी जोडलेल्या दुक थान शाळेत १९१० मध्ये एका तरुणानं काही महिने शिकवलं. तोच पुढे हो ची मिन्ह झाला. अभिमानानं सांगावा असा हा इतिहास आहे. पण त्यात ज्यांची नावं आहेत ते सगळे पुरुष. बंदरावर मासळी उतरून घेणाऱ्या, निवडणाऱ्या, बाजारात बसून रस विकणाऱ्या बायका त्यात कुठे आहेत? मासेमारीच्या जगात जाळं टाकणं तेवढं ‘मासेमारी’ म्हणून मोजलं जातं. मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरचं निवडणं, खारवणं, वाळवणं आणि विकणं ही नुसती ‘मदत’. वर्सोव्यापासून मालवणपर्यंत आपल्या कोळणींना हे कुणी शिकवायला नको.

फू क्वोकच्या रसाला २०१२ मध्ये युरोपीय संघानं उगमस्थानाचं संरक्षण दिलं. आता बेटाबाहेरचा कुणी तिथे ते नाव लावू शकत नाही. नाम ओच्या धंद्याला २०१९ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. छोट्या उत्पादकांना याचा आधार झाला, हे चांगलंच. पण बघा, संरक्षण मिळालं जागेला आणि नावाला. वारसा ठरला धंदा. हात पुन्हा बिननावाचेच. आणि इकडे घरात, जिथे मोबदला द्यायचा नसतो, तिथे मात्र हातांचं भरभरून कौतुक! जिथे पैसा आहे तिथे बाईचे हात दिसत नाहीत, जिथे पैसा नाही तिथे फक्त तेच दिसतात.

मग बाटली आणावी का?

काही मैत्रिणी म्हणतील, कशाला हा सगळा उपद्व्याप? तयार बाटली मिळते ती आणावी आणि मोकळं व्हावं. या म्हणण्यात तथ्य आहे. विकतची चटणी आणणाऱ्या बाईला नावं ठेवणाऱ्यांच्या रांगेत आपण कधीच उभं राहू नये. ‘घरचं ते घरचं’ म्हणणाऱ्याला एकच विचारावं, घरचं म्हणजे कुणी केलेलं?

पण बाटली हे बाईच्या मुक्तीचं साधन म्हणून विकणाऱ्यांपासूनही सावध राहिलं पाहिजे. व्हिएतनाममध्ये मोठ्या कंपन्या पारंपरिक रस पाणी घालून पातळ करतात, त्यात गोडी, स्वाद, रंग आणि टिकवण्याचे पदार्थ मिसळतात आणि स्वस्तात विकतात. बाजाराचा मोठा हिस्सा आज याच रसाकडे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या ग्राहक संघटनेनं जाहीर केलं की तपासलेल्या १५० नमुन्यांपैकी दोन तृतीयांश नमुन्यांत आर्सेनिक मर्यादेबाहेर आहे, आणि रस जितका कसदार तितकं ते जास्त. सगळीकडे घबराट झाली. आईनं वर्षानुवर्षं विष वाढलं की काय, असा सूर निघाला. खरी गोष्ट अशी की संघटनेनं मोजलं होतं ते एकूण आर्सेनिक. समुद्री मासळीत असतं ते मुख्यतः सेंद्रिय रूपातलं आर्सेनिक आणि ते सहसा अपायकारक नसतं. घातक असतं ते असेंद्रिय. सरकारी तपासणीत रस सुरक्षित निघाला, संघटनेला माफी मागावी लागली आणि बातमी छापणाऱ्या ५० वृत्तपत्रांना व माध्यमांना दंड झाला. पण दरम्यान पारंपरिक उत्पादकांचं व्हायचं ते नुकसान झालंच. पुढे २०१९ मध्ये या धंद्यासाठी नवीन मानकाचा मसुदा आला. कारखान्याच्या मापानं आमची पिंपं मोजू नका, असं म्हणत पारंपरिक उत्पादकांच्या संघटना उठल्या आणि मार्चमध्ये तो मसुदा स्थगित झाला.

यातून आपण काय घ्यायचं? बाईला आधी घाबरवायचं, मग तिच्या घाबरण्यावर माल खपवायचा, ही बाजाराची जुनी रीत आहे. ‘चांगली आई’ होण्यासाठी काल घरी करायला लावलं, आज विकत आणायला लावतात. दोन्हीकडे अपराधी ठरते ती आईच! आपला मार्ग याहून साधा आहे. बाटली घ्यायची तर मागचं लेबल वाचा. मासळी आणि मीठ एवढंच लिहिलेलं असेल तर तो खरा रस. मग पुढची दहा मिनिटं कुणाची, हे घरात बसून ठरवा.

‘ही तर आपली विद्या’

चळवळीतल्याच काही जणींचा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्या म्हणतात, स्वयंपाक ही बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. पुरुषी ज्ञानव्यवहारानं तिला कमी लेखलं. आता तुम्हीही ‘दहा मिनिटांचं सोपं काम’ म्हणून तिला हिणवता? स्वयंपाकघर हीच एक जागा जिथे बाईची सत्ता चालते. तीही सोडायची?

विद्या आहे, मान्य. कुठल्या महिन्यातली मासळी कशी मुरते, रस कधी उतरवायचा, हे सांगू शकणारी बाई कुठल्याही रसायनशास्त्रज्ञापेक्षा कमी नाही. पण विद्येची खूण काय? ती शिकवता येते, लिहिता येते, तिची फी घेता येते आणि ती नाकारण्याची मुभा असते. सुताराला कुणी म्हणत नाही की, तुझ्या हाताची चव वेगळी, म्हणून आयुष्यभर घरच्यांसाठी फुकट खुर्च्या कर. जे नाकारता येत नाही त्याला विद्या म्हणून गोंजारणं ही फसवणूक आहे. आणि सत्तेचं म्हणाल, तर आज काय शिजवायचं हे तरी आपल्या मर्जीनं ठरतं का? नवऱ्याला गोड आवडतं म्हणून साखर वाढते, सासऱ्यांना चालत नाही म्हणून मिरची कमी होते. स्वतःला तिखट आवडतं म्हणून जिनं कधी वाटीत एक मिरची जास्त टाकली नाही, तिच्या सत्तेबद्दल काय बोलावं?

म्हणूनच मापाचा आग्रह. ‘अंदाजानं’ हा शब्द विद्येला गूढ करतो आणि ती बाईच्या अंगात कोंडतो. माप लिहिलं की विद्या अंगातून कागदावर येते, मग ती कुणालाही वाचता येते. ‘मला नाही जमत’ ही पुरुषाची सबब तिथे संपते.

वासाचं राजकारण

जाता जाता वासाबद्दल. नुओक मामला तीव्र वास असतो. आपल्याकडे सुकट, जवळा, बोंबील भाजले की सोसायटीत भुवया उंचावतात. मासळी खाणाऱ्यांना घर भाड्यानं नाकारलं जातं. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. तिच्यात मुलींनी कपडे कसे घालावेत याचा उपदेश होता, आणि आंबवलेल्या सोयाबीनचं आखुनी, बांबूचे कोंब असले वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होईल असे शिजवा, हाही होता. बाईचा पोशाख आणि तिच्या चुलीवरचा वास, दोन्हींवर पहारा एकाच पुस्तिकेत! तेव्हा परदेशी मासळीचा रस चिनी मातीच्या वाटीत आला की ‘चोखंदळ चव’ आणि कोळणीच्या पाटीतून सुकट आली की ‘घाण’, हा दुटप्पीपणा निदान आपण करू नये. ज्यांना नुओक चाम आवडलं त्यांनी शेजारच्या घरातल्या जवळ्याच्या वासाविरुद्ध सोसायटीत तक्रार आली, तर उठून बोलावं. त्या चवीची तेवढी किंमत मोजायला हवी.

करायचं काय?

फार मोठ्या गोष्टी सांगत नाही. आपल्या गटांनी करता येतील अशाच सांगते.

पुढच्या शिबिरात ‘घरकामाचं मोल’ या विषयावर भाषण ठेवण्याऐवजी ही कृती मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा आणि शिबिराला आलेल्या पुरुष कार्यकर्त्यांना करायला सांगा. लसूणही त्यांनाच सोलू द्या, भांडीही घासू द्या. बायकांनी त्या वेळात खुर्चीवर बसायचं. ‘असं नाही, तसं’ म्हणत उठायचं नाही, हे सगळ्यांत कठीण. बिघडलं तर बिघडू द्या. आपल्या हातूनही पहिल्यांदा बिघडलंच होतं, पण तेव्हा बोलणी बसली होती.

घरात ज्याच्या-त्याच्या नावानं कामं लिहून ठेवा, मिनिटांसकट. दहा मिनिटांची कामं ‘किरकोळ’ म्हणून सोडू नका. बाईचं आयुष्य अशा दहा-दहा मिनिटांनीच संपतं. ‘एवढंसं तर काम’ असं जो म्हणेल त्याला तेच काम द्या.

आपल्या गटातल्या बायका पापड, लोणची, सुकी मासळी करून विकत असतील, तर पाकिटावर गटाच्या नावाबरोबर करणाऱ्या बायकांची नावंही छापा, आणि दर ठरवताना त्यांच्या तासांचे पैसे धरा. ‘घरगुती’ या शब्दाखाली फुकटचे श्रम विकू नका.

आणि यापुढे कुणी ‘तुझ्या हाताला चव आहे’ म्हटलं, तर जरूर हसा, पण लगेच कृती लिहिलेला कागद आणि लिंबू त्याच्या हातात द्या. चव हाताला नसते. ती मासळीला असते, मिठाला असते, वर्षभर मुरण्याला असते. हात कुणाचेही चालतात. आता त्यांचे चालू देत.